अठ्ठ्याहत्तर किलोवरील विहीणबाई

मला पडायला शिकायचं होतं. म्हणजे पडता येत नव्हतं असं नाही. अमरावतीच्या राजापेठेत, भर बाजारात, उभ्या स्कूटीवरून, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल असताना मी जी पडले, ती पाहायला ट्यूशनची नुकती सुटलेली अख्खी बॅच थांबली होती. स्कूटी चालू असती तर निदान त्याला अपघात म्हणता आलं असतं. बंद स्कूटीवरून पडलेल्या बाईला कुणी अपघातग्रस्त म्हणत नाही. लोक "काकू, लागलं का?" एवढं विचारतात आणि हसू लपवायला मेथी गोळा करत खाली वाकतात.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मान हलवली आणि म्हणाले, "या वयात पडणं टाळा." आता, पडणं टाळता येत असतं तर मी काय हौसेनं पडले असते? घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. टाळता येत नाही ना, मग निदान नीट पडावं.

मी जे काही शिकले ते आपलं आपणच शिकले. शिवण, स्कूटी, कॉम्प्युटर, आमच्या ह्यांचा स्वभाव, सगळं कुणी न शिकवता. म्हणून पडणंही घरीच शिकायला घेतलं. हॉलमध्ये गादी टाकली, मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक जपानी गृहस्थ हवेत गोल फिरून जमिनीवर असे काही उतरत होते, की जणू खालीच त्यांचं घर आहे. मी दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडायच्या आत खालच्या मजल्यावरच्या जमुनाताई वर आल्या.

"काय आपटून राहिल्या जी? माह्या घरचा पंखा झोके घेऊन राह्यला."

"पडायला शिकते आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. "पडाले काय शिकाव लागते? माणसाले उठता आलं पायजे." एवढं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, अजहर सरांचा ज्यूदोचा क्लास आहे. "तिथं लेकरं संध्याकाळभर पडत राह्यतेत. पडायचंच आहे तं तिथं पडा. माह्या पंख्याले काहून छळता?"

अजहर सर तरुण, नम्र आणि जरा घाबरट. ते माझ्या मागं कुणी लहान मूल उभं आहे का ते शोधत होते.

"मॅडम, बच्चा कुठाय?"

"मीच आहे."

"मॅडम, ये ज्यूदो है. इसमें गिरना पडता है."

"त्यासाठीच आले आहे."

त्यांनी प्रवेशाचा कागद पुढं केला. त्यात विद्यार्थ्याचं नाव, शाळा, इयत्ता आणि पालकाची सही अशा जागा होत्या. शाळेपुढं मी रेघ मारली. इयत्तेपुढंही रेघ मारली. पालकाची सही मात्र सरांनी सोडायला नकार दिला, कारण असोसिएशनवाले तीच आधी बघतात म्हणे. शेवटी ती आमच्या ह्यांनी केली. सही करायच्या आधी चष्मा लावून सगळं वाचलं आणि 'पाल्याच्या वर्तनाची जबाबदारी माझी राहील' या ओळीशी येऊन थांबले. "वर्तनात काय काय येतं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

ज्यूदोला पांढरा जाड डगला, पांढरा पायजमा आणि कमरेला पट्टा लागतो. अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं उतरवून, पांढरं घालून मी जिना उतरायला लागले आणि खाली जमुनाताई दचकून भिंतीला टेकल्या. "वरतून ओढणी तरी घेत जा वो," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांजेले माणूस घाबरते."

क्लासात माझ्यानंतरची सगळ्यात मोठी विद्यार्थिनी सातवीत होती. गिरणी चालू झाली की खालून पीठ उडायचं आणि आम्ही सगळे थोड्या वेळात एकाच वयाचे दिसायचो, एवढाच काय तो दिलासा. पण खरं सांगते, पडायला मी शिकले. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि जमिनीला पाठ लागायच्या क्षणी हातानं मॅटवर फाडकन चापट मारायची. पडण्याचा सगळा राग त्या चापटीत निघून जातो. बाईमाणसाला जमिनीवर एवढ्या जोरात हात आपटायची परवानगी जगात दुसरीकडे कुठं मिळते? मी तर पडण्याच्या प्रेमातच पडले.

अडचण पुढं आली. पडून झालं की पाडायला शिकवतात, आणि त्यासाठी आपल्या वजनाचा जोडीदार लागतो. माझ्या वजनात त्या वर्गातली तीन लेकरं बसली असती. मला कुणी पाडू शकत नव्हतं, आणि मी कुणाला पाडलं असतं तर त्याची आई चप्पल घेऊन आली असती. सरांनी मग सरकीनं भरलेलं एक लांबट पोतं दिलं. त्याला मी पाडत राहिले. पोत्याची आई नसते.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मुलीचं, आचलचं लग्न ठरायला लागलं. म्हणजे ठरवलं होतं तिनं आणि गजेंद्रनंच, पुण्याला नोकरीत असताना. आम्हाला फक्त 'स्थळ बघा' म्हणून सांगितलं, तेही स्थळाच्या फोटोसकट. मुलगा अकोल्याचा, गुणी. वडील तेल्हाऱ्याला शेतीवर असायचे आणि घरात शब्द चालायचा तो आईचा, कौशल्याबाईंचा. गजेंद्र आईच्या शब्दाबाहेर जाणार नव्हता, आणि जिथं मनापासून बोलावणं नाही त्या घरात आचल पाय ठेवणार नव्हती. दोघंही इतकी तत्त्वाची, की त्यांची तत्त्वं सांभाळायची जबाबदारी आपोआप आमच्यावर आली.

कौशल्याबाई आचलला पाहायला आल्या. अंगानं माझ्यासारख्याच भरदार. सोफ्यावर बसताना मला वाटलं, कमरेत जरा अडखळल्या. त्यांनी गिला वड्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याचा, एक तुकडा मोडला, घरभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "तुमी दिवसभर काय करता जी?"

मी तोंड उघडायच्या आत आचल म्हणाली, "आई भजनी मंडळात जाते."

"आमचीबी पोथी चालू आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. उठताना म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. सांगतो." आमच्याकडे बायकाही 'सांगतो', 'जातो' असंच म्हणतात, त्यात अरेरावी नसते. पण तो 'सांगतो' मला भारी पडला. कारण त्यानंतर त्यांनी काही सांगितलंच नाही. पाडवा गेला, आखाजी गेली, आंब्याचा रस संपला, आणि आचल रोज पुण्याहून फोन करून एकच विचारायची, "काही कळलं का?"

"आई, होकार येईपर्यंत ज्यूदोचं नाव काढू नकोस," तिनं बजावलं होतं. "त्यांना वाटेल, हिची आई अशी, तर ही कशी असेल?"

म्हणून मी ओढणी घेऊन, पिशवीत डगला लपवून भजनाला जात राहिले. एकदा कौशल्याबाईंनीच फोनवर विचारलं, कोणतं भजन बसवून राहिल्या म्हणून. मी म्हटलं, "अवघड आहे. सारखं पहिल्यापासून घ्यावं लागतं." ते खोटं नव्हतं.

अशात अजहर सर हात जोडून उभे राहिले. अमरावती-अकोला मैत्री स्पर्धा होती, आणि असोसिएशननं यंदा ज्येष्ठ महिलांचा गट सक्तीचा केला होता. क्लासकडून या गटात कुणीच उतरलं नाही, तर मान्यता अडकणार आणि लेकरं राज्य स्पर्धेला जाऊ शकणार नव्हती. "आपको सिर्फ खडे रहना है, मॅडम. अकोल्याकडून कोण येतंय? बिनविरोध मेडल."

मी आयुष्यात बिनविरोध काहीच मिळवलेलं नाही. मी हो म्हटलं.

नाव नोंदवायला पोर्टल होतं. त्यात जन्मसालाची यादी माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. पार आचलच्या जन्मापाशी येऊन थांबायची. म्हणून असोसिएशनच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं शाळा सोडल्याचा दाखला पाहिला. त्यावर जन्मतारीख एक जून. माझ्या मागं रांगेत उभ्या माणसाचीही एक जून. वऱ्हाडात आमच्या पिढीला एकाच गुरुजीनं एकाच दिवशी जन्माला घातलंय.

"खेळाडू कुठाय?" बाबूनं विचारलं.

"मीच."

"मंग पालक कुठाय?"

मी ह्यांना फोन लावला. ते ऑफिसातून रिक्षा करून आले आणि पुन्हा एकदा माझे पालक झाले.

स्पर्धेच्या आठवड्यात क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी आली. महिला ज्येष्ठ, अठ्ठ्याहत्तर किलोवरील. एवढा गट सगळ्या पालकांना दिसेल असा जाड अक्षरात छापायची काय गरज होती, या विचारात मी असतानाच पुढचं वाचलं. अमरावती: सौ. मंदाकिनी गोपाल टेकाडे, म्हणजे मी. अकोला: सौ. कौशल्या सूर्यभान काळमेघ.

मी मोबाइल पालथा ठेवला. मग सुलटा करून पुन्हा वाचलं. नाव तेच.

अर्ध्या तासात आमच्या घरी सभा भरली. आमचे हे पांढरे पडले होते. "नाव मागं घे."

"लेकरांची स्पर्धा जाईल."

"मग आजारी पड."

"मंग बी आपला गट रिकामाच राह्यते ना," जमुनाताई म्हणाल्या. त्या बोलावल्याशिवाय आल्या होत्या आणि सगळ्यात आधी बसल्या होत्या. "सरळ हरून जा. आपून पोरीकडचे. पोरीकडच्याईनं हरायचंच असते, त्यात नवीन काय? गादीवर हरल्या का पंगतीत हरल्या, सारखंच."

आचल फोनवर आधी नुसतीच "आई!" म्हणून ओरडली. मग सावरून म्हणाली, "हर. पण मुद्दाम हरल्यासारखी दिसू नकोस. त्यांना कळलं तर अपमान वाटेल."

"सन्मानानं हर," हे म्हणाले.

सन्मानानं हरायचा सराव कसा करतात ते मला कुणी सांगितलं नाही. पोत्याला मला पाडता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी कौशल्याबाईंचा फोन आला. यादी त्यांच्याही ग्रुपवर गेलीच असणार. आम्ही दोघींनी हवापाण्याचं बोलून घेतलं.

"रविवारी काय करून राहिल्या?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

"काही नाही. भजन."

"हो. आमचीबी पोथी आहे."

"मोठी आहे का?"

"मोठीच दिसते," त्या म्हणाल्या. "सांभाळून या जी," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कुठं या, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

होणाऱ्या विहिणीच्या गावी रिकाम्या हातानं जायचं नसतं. त्यामुळं रविवारी अकोल्याच्या हॉलवर मी पोचले तेव्हा माझ्या एका पिशवीत डगला आणि पट्टा होता, आणि दुसरीत साडी, नारळ आणि चिवड्याचा डबा. सोबत हे आणि पुण्याहून आलेली आचल. दोघं माझ्या दोन बाजूंनी असे चालत होते, जसं काही मला पोलीस कोठडीतून आणलंय.

वजनाच्या रांगेत कौशल्याबाई माझ्या पुढंच उभ्या होत्या. पांढरा डगला, मोकळा गळा, मोकळे हात.

"अगंबाई, तुम्ही!" मी म्हटलं.

"अवो माय, तुमी!" त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी एवढं आश्चर्य केलं, की वजन घेणाऱ्या मुलीनंही तोंडावर हात ठेवला. मग तीच मुलगी काट्यावरचे आकडे खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला ऐकवत गेली. तेवढ्यापुरतं आम्हा दोघींचं खरंच एकमत झालं.

"तुम्ही यात कशा?" मी हळूच विचारलं.

"कंबरेसाठी डॉक्टरनं पोहाले सांगतलं. तलावात पानीच नोतं. बाजूच्या हॉलात हे चालू होतं. घुसली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "घरी फक्त गजूले ठाऊक आहे."

गजेंद्र लांब खांबाशी उभा होता. आचल त्याच्याकडे पाहत नव्हती, तो तिच्याकडे पाहत नव्हता. दोघंही आपापल्या आयांकडे पाहत होते.

आमची नावं पुकारली. पंच होते नागसेन सर. कुठल्याही जिल्ह्याची बाजू नको म्हणून त्यांना यवतमाळहून आणलं होतं. ज्यूदोत लढतीआधी एकमेकींना वाकून नमस्कार करतात. मी वाकले. त्या वाकल्या. आता मुलीकडची बाई मुलाकडच्यांच्या आधी कशी वर येणार? मी वाकलेलीच राहिले. पण त्यांच्या गावात मी पाहुणी. पाहुणीच्या आधी त्या कशा वर येणार? त्याही वाकलेल्याच. आम्ही खालच्या खाली एकमेकींचे गुडघे पाहत होतो.

"ताई, झाला नमस्कार," नागसेन सर म्हणाले. कुणी हललं नाही. शेवटी त्यांनी, "चला, दोघी संगंच," असं म्हणून आम्हाला उठवलं.

"हाजिमे!" म्हणजे सुरू करा.

सुरुवात म्हणजे समोरचीची कॉलर धरायची. होणाऱ्या विहिणीच्या गळ्याला हात! मी आधी त्यांची कॉलर जरा नीट केली.

"धरा ना. लाजू नका."

"तुम्ही आधी."

"तुमी पाहुने."

"तुम्ही मोठ्या."

वटपौर्णिमेला वडाभोवती फिरावं तशा आम्ही मॅटभर फिरत होतो. "माते!" नागसेन सर ओरडले. म्हणजे थांबा. मग त्यांनी दोघींना शिदो दिला. शिदो म्हणजे ताकीद. कारण, आम्ही लढत नव्हतो.

मी विचार केला, आता उशीर नको. पुन्हा "हाजिमे!" झाल्याबरोबर मी त्यांच्या बाहीला जेमतेम हात लावला आणि पडले. सुरेख पडले. हनुवटी आत, पाठ गोल, चापट फाडकन. पण त्याच वेळी दुसरी एक चापट ऐकू आली. मान वळवून पाहते तर कौशल्याबाई माझ्या शेजारी उताण्या. तितक्याच सुरेख.

हॉलमधली लेकरं हसायला लागली. नागसेन सर आमच्याकडे पाहत राहिले, मग टेबलापाशी जाऊन पुस्तकात पाहिलं, मग पुस्तक मिटलं. पुस्तकात हे नव्हतं. दोघींना दुसरा शिदो देऊन ते वाकून कळकळीनं म्हणाले, "ताई, आता तिसरा झाला तर दोघीबी बाद. अन् कारण माइकवर सांगाव लागते. 'लढण्याची इच्छा नाही' असं."

आम्ही उठलो. पट्टे सारखे करताना त्या दातांतून म्हणाल्या, "तुमी काहून पडल्या?"

"तुम्ही का पडलात?"

"मी पोराची माय! उद्या समजा पोरगी माह्या घरी आली, तं जलमभर आईकाव लागन, का माह्या माईले चार लोकाईत पाडलं म्हनून. मले तिच्याशी जमवून राह्यचं आहे, जी!"

मी थक्क झाले. इतके महिने मी या बाईला घाबरत होते, आणि ही बाई आमच्या आचलला घाबरत होती! मला त्यांची एकदम माया आली. इतकी, की आता तर त्यांना जिंकवल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते.

"ते काही नाही. तुम्हीच पाडायचं."

"मी नाई. तुमीच पाडसान."

"हाजिमे!" नागसेन सर जरा रडवेल्या आवाजात म्हणाले.

यानंतर जे झालं ते समजायला, आमच्याकडे निघताना दारात काय होतं ते आठवावं लागेल. पाहुणीनं लेकराच्या मुठीत नोट कोंबायची, घरच्या बाईनं ती परत पाहुणीच्या पर्समध्ये कोंबायची. "राहू द्या जी." "असं कसं!" त्यात मनगटं पिरगाळली जातात, पदर सुटतात, चपलांचे अंगठे तुटतात, रिक्षावाला कंटाळून निघून जातो. हा खेळ आम्ही लहानपणापासून खेळतो. त्यात कौशल्याबाई पट्टीच्या होत्या, आणि मीही आजवर कुणाची नोट घरात राहू दिलेली नाही.

आम्ही भिडलो. त्यांनी माझी कॉलर दोन्ही मुठींत आवळली. मी त्यांचे कोपर धरले. त्या मला स्वतःवर ओढत होत्या, मी त्यांना माझ्यावर ओढत होते. "पाडा म्हनतो ना!" "मुळीच नाही!" हॉल उभा राहिला. अजहर सर आनंदानं ओरडत होते, "शाबास मॅडम! ग्रिप! ग्रिप!" मी मागं रेटा दिला, तशी त्यांनी शेवटचा उपाय केला. माझ्या पोटावर पाय टेकवला आणि कॉलर न सोडता सरळ मागं बसल्या, म्हणजे मी आपसूक त्यांच्यावर पडावं.

मी त्यांच्यावर पडले नाही. मी त्यांच्यावरून गेले.

छताचे दिवे दिसले, जिल्हा असोसिएशनचा फलक उलटा दिसला, आमच्या ह्यांचं उघडं तोंडही उलटंच दिसलं आणि मग माझी सबंध पाठ एका दमात मॅटला लागली.

"इप्पोन!" नागसेन सरांचा हात आभाळात. पूर्ण गुण. एका डावात लढत संपली. अजहर सरांनी नंतर सांगितलं, की मागं पडता पडता समोरच्याला डोक्यावरून फेकायचा हा फार नावाजलेला डाव आहे आणि काळ्या पट्ट्यावाल्यांनाही तो धड जमत नाही.

टाळ्या पडत होत्या. मी पडल्या पडल्या हिशोब केला. हरले, मुद्दाम हरल्यासारखं दिसलं नाही, सन्मानही राहिला. सगळं मनासारखं झालं होतं. मग मला राग कशाचा आला होता? पण आला होता. चांगलाच आला होता.

आणि कौशल्याबाई मॅटवर फतकल मारून कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "माय वो! पाडलं मी यायले!"

त्यांनी मेडल घेतलं नाही. व्यासपीठाकडे गेल्याच नाहीत. आमचे हे हात जोडून पुढं झाले. "ताई, आमचं काही म्हणणं नाही. झालं ते झालं."

"तुमचं नसन. माहं आहे." त्यांचा आवाज चढला. "पोरीच्या माईले पाय लावून फेकलं मी. असं करून कोन्या तोंडानं पोरगी मांगू? हे फिटल्याशिवाय मी लग्नाचं बोलनार नाई."

"आई, अगं..." गजेंद्र म्हणाला.

"तू चूप." त्या माझ्याकडे वळल्या. "ईनबाई, मले पाडा. इथंच. आताच."

ईनबाई म्हणजे विहीणबाई. त्यांनी पहिल्यांदाच तसं म्हटलं, आणि तेही भांडताना. आचलचे डोळे भरलेले मला दिसले. वरपक्षाच्या अटी काय काय असतात ते मी खूप ऐकलं होतं. पण साखरपुड्याआधी मुलीच्या आईनं मुलाच्या आईला उचलून आपटावं, ही अट आमच्या समाजात पहिलीच असावी.

"मॅडम, कोने में मॅट खाली है," अजहर सर म्हणाले. ते आता कशालाच घाबरत नव्हते.

"हळू पाड," हे माझ्या कानात म्हणाले.

कोपऱ्यातल्या मॅटवर मी त्यांची बाही आणि कॉलर धरली, वळले, कंबर खाली घातली आणि ओढलं. काही झालं नाही. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही अडवताय!"

"मी नाई अडवत. कंबर अडवते. तिले सवय झाली वो."

पुन्हा ओढलं. पुन्हा खांब. शिकलेलं अंग ते. मालकिणीचं ऐकायलाच तयार नव्हतं. पोतं असं करत नाही. पोतं श्वास घेत नाही, पोत्याला घाम येत नाही, आणि पोतं "हं, लावा जोर, जेवल्या नाई काय सकाळी?" असं तर मुळीच म्हणत नाही. तेव्हा मात्र तो मघाचा राग आला कामाला. मी त्यांना एकदा मागं रेटलं, त्यांनी सवयीनं पुढं झोक दिला, आणि तो झोक तसाच उचलून मी वळले. क्षणभर अख्ख्या कौशल्याबाई, शेतीवाडी, पोथी, गजेंद्रची आई, सगळ्या माझ्या पाठीवर होत्या. आणि मग समोर, खाली, फाडकन.

पाडणाऱ्यानं समोरच्याची बाही सोडायची नसते. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरायची, म्हणजे पडणाऱ्याचं डोकं आपटत नाही. अजहर सर हे लेकरांना सारखं सांगायचे. मला कधी सांगावं लागलं नव्हतं, कारण पोत्याला डोकं नसतं. पण माझी मूठ आपोआपच आवळलेली होती. त्यांचा हात माझ्या हातात, डोकं मॅटपासून अधांतरी.

हे डोळे मिटून उभे होते. कौशल्याबाई छताकडे पाहत होत्या. मी वाकून विचारलं, "लागलं का जी?"

त्यांनी लांब, आचलकडे पाहिलं. तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग आवाज लहान करून मला विचारलं, "आचलले येते काय हे?"

"नाही हो," मी म्हटलं. "तिला साधं पडताही येत नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला.

"मंग पक्कं समजा."